धोंड्याचा महिना आणि जावयाची अंगठी

अधिक महिना, म्हणजे आपला धोंड्याचा महिना, लागायचा अवकाश, सराफांच्या जाहिराती सुरू. चांदीचा दिवा, चांदीचं ताम्हण, जावयासाठी खास कलेक्शन, आणि मग फॅमिली ग्रुपवर "तुम्ही काय देताय", "आम्ही अर्ध्या तोळ्याची करतोय" हे जे चालू होतं ते महिना संपेपर्यंत. यंदा 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे. मला म्हणायचंय ते एवढंच की हा महिना मुळात रिकामा ठेवलेला आहे, काही कार्य काढू नका, खर्चात पडू नका, देवाचं नाव घ्या यासाठी, आणि आपण नेमका त्यातच जावयाला सोनं-चांदी द्यायचा सगळ्यात महागडा कार्यक्रम घुसवलाय. पोस्ट लांब आहे, निवांत असाल तर वाचा.

आधी हा महिना येतो कुठून ते बघा, कारण ते मला फार आवडतं. चंद्राचे बारा महिने झाले की होतात 354 दिवस, आणि सूर्याचं वर्ष 365 चं. दरवर्षी 11 दिवसांची तूट. तशीच सोडली असती तर आपली दिवाळी फिरत फिरत भर उन्हाळ्यात आली असती. हिजरी कॅलेंडरमध्ये असा जादा महिना घालत नाहीत म्हणूनच रमजान दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे सरकतो, कधी थंडीत येतो कधी कडक उन्हात. आपल्याकडे मात्र ही तूट साठू देतात आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक अख्खा महिना मध्ये घालून फिट्टंफाट करतात, 19 वर्षांत असे सात महिने येतात. आणि तो कुठला घालायचा हे कोणी मनाने ठरवत नाही. ज्या चांद्रमासात सूर्य रास बदलत नाही, म्हणजे एकही संक्रांत पडत नाही, तो अधिक. यंदाचंच घ्या ना, वृषभ संक्रांत 15 मे ला होऊन गेली, त्यानंतर अमावस्या झाली, आणि पुढची अमावस्या संपते 15 जूनला सकाळी आणि सूर्य मिथुनेत जातो त्याच दिवशी पण नंतर, काही तासांचा फरक! मोबाईल नाही दुर्बीण नाही अशा काळात लोकांनी ही पद्धत बसवलीय आणि आपण तिचं काय केलं तर अंगठीचं माप घेत बसलो.

(2023 ला अधिक श्रावण आला होता तेव्हा नॉनव्हेज खाणाऱ्यांचे चेहरे आठवतायत का, दोन-दोन श्रावण, मग "अधिकात चालतं का हो" म्हणून गुरुजींना फोन. आणि टिळक पंचांगवाल्या घरांची तर वेगळीच मजा, त्यांचा अधिक कधी कधी आपल्याशी जुळतच नाही, मग त्यांचा गणपती महिनाभर आधीच येऊन जातो.)

तर हा असा हिशोबात उरलेला महिना, म्हणून त्यात लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. ऐन मे महिन्यात मंगल कार्यालयं ओस पडलीत यंदा, केटरिंगवाले आणि बँडवाले कपाळाला हात लावून बसलेत. सणसुद्धा अधिकात धरत नाहीत, वटपौर्णिमा निज ज्येष्ठात, म्हणजे अधिकानंतरच्या खऱ्या ज्येष्ठात, 29 जूनला. याला मलमास म्हणायचे, कोणी देव याचा स्वामी व्हायला तयार होईना, मग तो रडत विष्णूकडे गेला आणि विष्णूने स्वतःचंच नाव दिलं त्याला, पुरुषोत्तम मास. ज्याला कोणी विचारत नाही त्याला देवाने पदरात घेतलं अशी ती गोष्ट. मग करायचं काय तर नदीवर स्नान, दोन्ही एकादश्या, पोथी, दीपदान, कोणी एकभुक्त राहतं, कोणी महिनाभर मौन धरून जेवतं. यातल्या कशालाच पैसा लागत नाही हे बघा.

आमचं माहेर माजलगावकडचं, त्यामुळे अधिक महिना म्हटलं की आमच्याकडे पुरुषोत्तमपुरी. गोदाकाठी पुरुषोत्तमाचं जुनं देऊळ आहे, यादवांच्या काळातलं, तिथे रामचंद्रदेव यादवाचा शके 1232 चा म्हणजे इसवी सन 1310 चा ताम्रपट सापडलाय. एरवी वर्षभर शांत असणारं गाव अधिक महिना आला की माणसांनी नुसतं फुलतं. गोदावरीत बुडी मारायची, ओल्या पायांनी दर्शन घ्यायचं, घरून आणलेल्या धोंड्यांचा नैवेद्य दाखवायचा. धोंडे म्हणजे काय हे पुण्या-मुंबईच्या मंडळींना सांगावं लागतं, तर कणकेत पुरण भरायचं, बंद करायचं आणि वाफवायचं, झालं. वर तुपाची धार. बास, एवढ्यावर देव खूश.

आणि वाण म्हणजे 33 अनारसे. 33 का, तर कोणी म्हणतं तेहतीस कोटी देव, कोणी म्हणतं तेहतिसाव्या महिन्याच्या आसपास हा येतो म्हणून. जाळीदार वस्तू द्यायची, अनारसे नसतील तर बत्तासे, नाहीतर म्हैसूरपाक, तबकात ठेवायचे, वर दिवा. आता अनारसे ज्यांनी केलेत त्यांनाच माहिती हे किती कष्टाचं वाण आहे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोजचं पाणी रोज बदलायचं, विसरलात की वास येतो. मग कपड्यावर सावलीत पसरायचे, अंगात जरासा ओलावा असतानाच कुटायचे, बारीक चाळायचे, गूळ आणि चमचाभर तूप घालून गोळा करून डब्यात दाबून ठेवायचा तो मुरेपर्यंत. एवढं करूनही कढईत टाकल्यावर काय होईल त्याची गॅरंटी नाही. खसखशीवर थापायचा, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचा, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं, आणि तो हसला की संपलं, सगळा विरघळून कढईभर होतो. मग आई म्हणायची थोडी पिठी घाल गं, आणि पुढचा दगडासारखा झाला की म्हणायची आता दुधाचा हात लाव. गॅस बारीक, मे महिन्याचं ऊन, पदराने घाम पुसत बाई 33 अनारसे तळते. हे वाण मला कळतं, यात माणसाचा जीव गेलेला असतो.

सोन्याची अंगठी मला कळत नाही. लेक-जावई म्हणजे लक्ष्मीनारायण, त्यांना जेवायला बोलवा, मान द्या, अगदी मान्य. पण मान म्हणजे तोळा हे कोणी ठरवलं? तोळा लाखाच्या पार गेलाय. शहरातली मंडळी क्रेडिट कार्ड घासतात आणि मोकळी होतात, गावाकडचं काय? 15 जूनपर्यंत अधिक, म्हणजे पेरणी तोंडावर. बी-बियाणं, खत, शाळेच्या फिया, सगळं याच महिन्यात, घरातलं कापसाचं सोयाबीनचं जे काय आलेलं असतं ते कधीच संपलेलं. अशा वेळी बाप हात उसने घेऊन अंगठी करतो, कारण थोरल्या जावयाला तीन वर्षांपूर्वी केली होती मग धाकट्याला कसं नाही म्हणायचं. आमच्या नात्यातल्याच एका घरात अंगठी वजनाला कमी भरली म्हणून जावईबापू ताटावर रुसून बसले होते. चांगला शिकलेला माणूस, महिन्याला पगार घेणारा. सासरा हात जोडून उभा आणि लेक स्वयंपाकघरात तोंड लपवून. कायद्याने हुंड्याला 1961 पासून बंदी आहे, पण धोंड्याच्या नावाखाली दर तीन वर्षांनी जे चालतं त्याला आपण कौतुकाने रीत म्हणतो, फोटो टाकतो, खाली पन्नास जण बदाम पाठवतात.

मग लोक म्हणतात हौसेने देतात गं, तुला काय प्रॉब्लेम. हौसेने देणारे खुशाल देऊ देत, पण त्या हौसेचा फोटो बघून ज्याच्याकडे नाही त्याच्या घरात कुरकूर सुरू होते त्याचं काय? आणि दुसऱ्या टोकाचे म्हणतात बंदच करा हे सगळं थोतांड. अजिबात नाही. मला स्नान हवंय, एकादशी हवीये, अनारसे तर हवेतच. फक्त सराफ नको मध्ये.

आणि एक सांगू, याच महिन्यात लेकीने आईची ओटी भरायची पण रीत आहे, कितीतरी घरांत. साडी, खण, नारळ, गहू किंवा तांदूळ, जमेल ते. इतर वेळी आई लेकीची भरते, अधिकात लेक आईची भरते. याची जाहिरात बघितलीये कुठे? मला तर दिसली नाही. आमची आई पहिल्यांदा मी ओटी भरायला बसवलं तेव्हा आधी नको नकोच म्हणत होती, आम्हा म्हाताऱ्यांना कशाला नव्या साड्या, आणि मग पदर पुढे करून जे बसली ते नारळ पडल्यावर शेजारच्या काकूंना हाक मारून दाखवला, बघा माझ्या लेकीने दिलं. सुती साडी होती, साधी.

यंदा आमच्याकडे असं ठरलंय की जावयांना जेवण आणि अनारसे, एवढंच, दोन्ही जावई तयार आहेत, एकाने तर सांगितलंय मीच येऊन तळतो (बघू, हसले की कळेल!). अंगठीचे पैसे भावाने बियाण्याला वापरावेत असं मी ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिलं, दोन तास कोणी काही बोललं नाही, मग आत्याने अंगठा पाठवला. आत्याचा अंगठा म्हणजे आमच्याकडे शेवटचा शब्द.

बाकी ज्यांनी घरी पीठ केलंय त्यांनी प्रमाण टाका खाली, एक किलो तांदळाला गूळ किती घेता आणि चिकीचा चालतो का साधाच घ्यायचा. आमच्या घरात यावरून दोन पार्ट्या पडल्यात.