दुकान बंद की चालू, एवढंच विचारायचं का?

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या दक्षिणेला, कोळशाच्या खाणींच्या डोंगराळ पट्ट्यात मी डॉक्टर म्हणून काम करते. माहेर चंद्रपूर जिल्ह्यातलं, वरोऱ्याजवळचं. परवा मावशीशी फोनवर बोलताना पुन्हा तोच विषय निघाला, गावात दारूचं दुकान हवं की नको. डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी गेलेल्या बायांमध्ये मावशी होती. १ एप्रिल २०१५ ला जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली तेव्हा तिने पेढे वाटले होते. मे २०२१ मध्ये सरकारने बंदी उठवली तेव्हा दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. आता म्हणते, "बंदी होती तवा चोरून भेटे, आता उघड भेटते. माह्या पोराची तं दोन्ही खेपेला सुटली नाही."

बंदीचे समर्थक आणि विरोधक आपापली आकडेवारी घेऊन भांडतात, तेव्हा मावशीच्या या पोराबद्दल कुणीच बोलत नाही.

आमच्या इथे दारूपेक्षा वेदनाशामक गोळ्यांनी घरं बुडवली. करमिट नावाचं जेमतेम ४०० वस्तीचं गाव आहे. तिथल्या एका औषधाच्या दुकानात दोन वर्षांत हायड्रोकोडोन या सवय लावणाऱ्या वेदनाशामकाच्या जवळजवळ ९० लाख गोळ्या आल्या. चार्ल्सटनच्या दैनिकातल्या एरिक आयर या बातमीदाराने हे उजेडात आणलं आणि २०१७ मध्ये त्याला पुलित्झर मिळालं. पुढे गोळ्यांवर निर्बंध आले, गोळ्या मिळेनाशा झाल्या. माणसं हेरॉइनकडे वळली, मग त्याहून जहाल फेंटानिलकडे. पुरवठा आवळणं गरजेचंच होतं. पण ज्याला सवय जडली होती त्याच्यासाठी दुसरीकडे काहीच उभं केलेलं नव्हतं, आणि त्याची किंमत स्मशानात मोजावी लागली.

२०१८ मध्ये इथल्या केंद्र सरकारने ग्रामीण भागातल्या या व्यसनाशी लढण्यासाठी एक अनुदान सुरू केलं. पहिला हप्ता उपचारासाठी नव्हताच, तो फक्त नियोजनासाठी होता. एक वर्ष, दोन लाख डॉलरपर्यंत, आणि अट अशी की किमान चार स्वतंत्र संस्थांनी एकत्र यायचं. मला तेव्हा संताप आला होता. माणसं मरताहेत आणि आपण बैठका घ्यायच्या?

त्या बैठका चर्चच्या तळघरात व्हायच्या. शेरीफ, शाळेची नर्स, पाद्री, आम्ही दोन डॉक्टर, मुलं गमावलेल्या दोन आया आणि स्वतः यातून बाहेर पडलेला एक खाणकामगार. भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा. आम्ही डॉक्टर मंडळी धरून चाललो होतो की लोक लाजेपोटी उपचाराला येत नाहीत. खाणकामगार उठला, नकाशावर बोट ठेवून म्हणाला, "मेथाडोन, म्हणजे व्यसन सोडवायचं औषध, घ्यायला रोज इथवर यायचं. गाडीचं लायसन्स कोर्टाने काढून घेतलंय. बस नाही. मी कसा येऊ?" राज्यात २००७ पासून मेथाडोनच्या नव्या केंद्रांना मनाई आहे, म्हणजे केंद्र जवळ येण्याचीही आशा नव्हती. त्या संध्याकाळी आमचा सगळा आराखडा बदलला. जिभेखाली ठेवायचं ब्युप्रेनॉर्फिन हे त्याच कामाचं दुसरं औषध गावातल्याच दवाखान्यातून द्यायचं आणि दूर राहणाऱ्यांसाठी गाडी ठेवायची, असं ठरलं.

या योजनेत खोट नाही असं नाही. अर्ज इतका किचकट की लिहिणारा जाणकार माणूस असलेल्या जिल्ह्यालाच पैसे मिळतात, सगळ्यात गरीब जिल्हा मागे राहतो. वर्ष संपल्यावर पुढचे पैसे मिळतीलच याची हमी नाही. शेजारच्या एका जिल्ह्याचा चांगला आराखडा कपाटात पडून आहे. तरी ते वर्ष वाया गेलं असं मी म्हणणार नाही.

आपल्याकडे बायांच्या हातात 'आडवी बाटली'चा हक्क आहे. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी बाटली आडवी केली की दुकान बंद. हा हक्क बायांनी झगडून मिळवलाय, तो राहिलाच पाहिजे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ज्याचे हात थरथरतात, तो कुठे जाणार? बरीच वर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर झटके येतात, भ्रम होतो, जीवही जातो. एम्सने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार दारूचं व्यसन जडलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला काहीतरी उपचार मिळतो. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, पण वरोऱ्याच्या शेतमजुराला पुणं किती लांब! शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि २०१६ पासून मुक्तिपथ या व्यसनमुक्ती मोहिमेचं काम. गावोगावी संघटना आणि तालुक्याला व्यसन उपचाराचं क्लिनिक. बंदी आणि उपचार हातात हात घालून चालू शकतात, हे तिथे जाऊन बघता येतं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. दारूच्या उत्पादन शुल्कातून दर तालुक्याला नियोजनाचं एक वर्ष द्या. बचतगटाच्या बाया, आशाताई, ग्रामीण रुग्णालयाचा डॉक्टर, पोलीस पाटील आणि दारू सोडलेला एक तरी माणूस, असे सगळे एकत्र बसू द्या. अर्ज मात्र मराठीत आणि दोन पानांचा ठेवा. खर्ऱ्याचाही, म्हणजे आमच्याकडच्या तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचाही, हिशोब त्यातच होऊ द्या.

मावशीला मी चर्चच्या तळघरातली गोष्ट सांगितली. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "आमच्या गावची एसटी सकाळी पावणेआठची, परतीची पाचला. दवाखान्यातली ओपीडी एकला संपते. एक ते पाच पोरगं कुठं बसन, सांग?"