‘छोट्या कुत्र्याला विमा कशाला?’ : फिरणाऱ्या सल्ल्यातलं काय चुकतंय

एक सल्ला सध्या खूप शेअर होतोय: छोट्या जातीची कुत्री फारशी आजारी पडत नाहीत, त्यांचे उपचार स्वस्त असतात, गरज पडली की तेव्हा विमा काढावा आणि एकदा काढला की बिलाची चिंता नाही. या भरवशावर राहिलेल्यांची अडचण होते, म्हणून एकेक मुद्दा पाहू.

‘आजारी पडत नाहीत.’ पॉमेरेनियन, चिवावा, यॉर्की यांच्यात गुडघ्याची वाटी सरकणं आणि श्वासनलिका दबणं नेहमी दिसतं. डॅशहुंडमध्ये मणक्याची चकती सरकून मागचे पाय लुळे पडू शकतात. वय वाढलं की हृदयाची झडप गळणं हा तर प्रामुख्याने छोट्या कुत्र्यांचाच आजार.

‘उपचार स्वस्त.’ औषधाचा डोस वजनावर ठरतो, तेवढीच बचत. एमआरआय किंवा सर्जनचा वेळ किलोवर मोजला जात नाही.

‘गरज पडली की काढू.’ सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. पॉलिसी सुरू होण्याआधीचा आजार साधारणपणे कव्हर होत नाही, आणि ‘आधीचा’ ठरायला निदान झालेलं असावं लागत नाही, लक्षण पुरतं. केसपेपरवर ‘अधूनमधून मागचा पाय उचलून चालतो’ अशी एक ओळ असली, तर पुढे गुडघ्याच्या ऑपरेशनचा क्लेम त्याच ओळीवर नाकारला जाऊ शकतो. शिवाय अनेक पॉलिसींत दोन्ही बाजूंचं कलम असतं: आधी डावा गुडघा दुखावला असेल, तर उजवाही वगळला जातो. वेटिंग पिरियड, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर कव्हर सुरू होईपर्यंतचा काळ, वेगळाच. अपघातासाठी तो बहुधा काही दिवसांचा, आजारासाठी बऱ्याचदा १४ दिवसांचा असतो. गुडघा आणि लिगामेंटसाठी काही ठिकाणी ६ महिन्यांपर्यंत. म्हणून पिल्लू निरोगी असतानाच विमा काढावा. कुत्रं वयाने मोठं असेल तर जुने केसपेपर कंपनीला देऊन काय काय वगळणार, हे लेखी मागून घ्यावं. पुढे कंपनी बदलतानाही सावध राहा: आज कव्हर असलेला आजार नव्या कंपनीकडे ‘आधीचा’ ठरतो.

‘बिलाची चिंता नाही.’ बहुतेक वेळा बिल आधी तुम्हीच भरता, परतावा नंतर येतो. तोही पूर्ण नाही. समजा बिल ४०,००० आहे, डिडक्टिबल म्हणजे तुमच्या वाट्याची ठरलेली रक्कम ५,००० आणि परतावा ८० टक्के. डिडक्टिबल आधी वजा केली तर हातात २८,००० येतात. टक्केवारी आधी लावली तर २७,०००. डिडक्टिबल वर्षातून एकदाच लागते की प्रत्येक आजाराला, हे त्याहून महत्त्वाचं. झडपेच्या आजाराची औषधं जन्मभर चालतात. कव्हर प्रत्येक आजाराला १२ महिन्यांपुरतंच असेल, तर पुढच्या वर्षापासून तो खर्च तुमचाच.

लसीकरण आणि नसबंदी मूळ पॉलिसीत सहसा नसतात. दातांचं कलम मात्र नीट वाचा, कारण छोट्या जबड्यात दात दाटीवाटीने असतात आणि हिरड्यांचे आजार लवकर होतात. अपघातात तुटलेला दात बऱ्याच पॉलिसींत कव्हर असतो. हिरड्यांच्या आजारासाठी दरवर्षी दाततपासणी केल्याची नोंद मागितली जाऊ शकते. ती तपासणी चुकवू नका आणि केसपेपरवर ‘दात तपासले’ असं तारखेसह लिहून घ्या.