बारा न्यूटन-मीटर आणि जेवणाचं टेबल

कॉम्प्युटरवर गाड्या पळवणाऱ्या मंडळींत नवा माणूस आला की त्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो, "तुझं किती न्यूटन-मीटर?" म्हणजे गेमच्या स्टिअरिंगची मोटर चाक किती जोराने पिळते, त्याचं माप. नाव-गाव नंतर. माझं उत्तर १२. एक मित्र कॅनडाला निघाला, सामानाच्या वजनात बसेना म्हणून त्याची मोझा आर १२ ही 'डायरेक्ट ड्राइव्ह' मोटर चाकासकट कवडीमोल भावात माझ्या गळ्यात पडली.

ज्यांना यातलं काही माहीत नाही (म्हणजे जे सुखी आहेत) त्यांच्यासाठी सांगतो. साध्या गेमिंग स्टिअरिंगमध्ये मोटरचा जोर गिअरमधून किंवा पट्ट्यावरून चाकापर्यंत येतो. लॉजिटेकच्या जी २९ मध्ये तो २ न्यूटन-मीटरच्या आसपास. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मधले दलाल नाहीत, मोटरच्या शाफ्टवर थेट चाक. आता गणित करा. चाक ३० सेंटीमीटरचं, त्रिज्या १५. १२ ला ०.१५ ने भागलं की ८० न्यूटन. म्हणजे मोटर पूर्ण जोरात आली की चाकाच्या कडेला ८ किलोच्या वर हिसका. हा हिसका हाताला जेवढा बसतो तेवढाच उलट दिशेने, मोटर ज्याला बांधली आहे त्याला बसतो. न्यूटनसाहेब हे कधीच सांगून गेलेत, पण जाहिरातवाले त्यांचं नुसतं आडनाव वापरतात.

आमच्याकडे मोटर बांधण्यालायक एकच वस्तू होती. जेवणाचं टेबल. सागवानी, आजोबांनी केलेलं. बेल्जियमच्या स्पा सर्किटवर ओ रूजचा चढ लागला की गाडी दबते, चाक जड होतं, आणि आमचं टेबल कुरकुरत भिंतीकडे निघतं. त्यावरची लोणच्याची बरणीही त्याच दिशेने निघते. आईने बरणी उचलली आणि विचारलं, "हे रोज चालणार आहे का?"

ब्रेकचा प्रकार तर आणखी न्यारा. लोड सेलवाला ब्रेक पेडल किती खाली गेलं ते बघत नाही, तुम्ही किती जोराने दाबलं ते मोजतो. ५०-६० किलोचा दाब सहज लागतो. मी बसलेलो चाकांच्या ऑफिस चेअरवर. वळण आलं, ब्रेक दाबला, गाडी जागच्या जागी आणि मी फ्रीजपाशी.

तेव्हा कॉकपिट, म्हणजे सीट, चाक आणि पेडल एकत्र धरणारा सांगाडा, घेणं भाग होतं. बाजारात घडीच्या कापडी खुर्च्या आहेत, पायपाचे स्टँड आहेत, आणि सगळे 'हेवी ड्यूटी' आहेत. एकाच्या पत्रकात १३० किलो क्षमता असं ठळक लिहिलेलं. वाचून धीर आला. मग लक्षात येतं, हे वजन बसणाऱ्याच्या बुडाचं आहे, चाकाची मोटर ज्या पट्टीवर बसते तिच्याबद्दल चकार शब्द नाही. आणि खरी मेख तिथेच. पट्टी लवचिक असेल तर मागचं टायर घसरायला लागल्याची जी बारीक थरथर हाताला कळायला हवी, ती आधी पट्टीच पिऊन टाकते. मोटर १२ ची आणि हाताला साध्या चाकाची चव. सरळ रस्त्यावर हात सैल सोडलात तर चाक आपलं आपणच डावं-उजवं करत सुटतं, आणि पट्टी हलत असेल तर त्याला आणखी चेव येतो. माझं मत विचाराल तर पैसे आधी सांगाड्यात घालावेत, मोटर लहान घ्यावी. हे मत कोणी विचारत नाही, कारण सांगाडा किती न्यूटन-मीटरचा हे मित्रांना सांगता येत नाही.

परदेशातले जाणकार एकमुखाने ॲल्युमिनियम प्रोफाइल सुचवतात. चारी बाजूंना खाचा असलेले लांब दांडे, त्यात सरकवायचे टी-नट, त्यावर बोल्ट. मी परदेशी किटचा फोटो बघत होतो, किंमत बघत होतो, कस्टम ड्यूटीचा अंदाज बांधत होतो. बाबा मागून डोकावले. भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममधून निवृत्त झालेला माणूस.

"हे तर मशीनच्या गार्डचं सेक्शन," ते म्हणाले. "याला विमानातून आणायचं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही भोसरी एमआयडीसीत. दुकानदाराने विचारलं, "कुठल्या मशीनचा स्टँड?"

"गाडीचा," मी म्हणालो.

"टेस्टिंगचा का? कंपनी कुठली?"

मी खरं सांगणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "डेव्हलपमेंटचं काम आहे. अजून गुप्त आहे." दुकानदाराने चहा मागवला.

पुढचं सगळं बाबांच्या हातात गेलं. खालची चौकट ४०-८० मिलिमीटरच्या दांड्यांची, आणि ८० ची बाजू उभी. "आडवी टाकलीस तर वाकणार. पट्टी उभी धरून वाकवून बघ कधी." चाकाचे दोन खांब ४०-१६० चे. बोल्ट एम ८, म्हणजे ८ मिलिमीटर जाडीचे. मी सरकत्या सीटच्या रेल मागितल्या, तर म्हणाले, "सरकणारा भाग म्हणजे ढिला होणारा भाग. एकदा माप घ्यायचं, बोल्ट मारायचे, विषय संपला."

जोडणीबद्दल फार बोलवत नाही. टी-नट खाचेत टोकाकडून सरकवायचा असतो. दोन्ही टोकांना दांडे बसले, ब्रॅकेट आवळले, की बरोबर तेव्हा कळतं की मधे आणखी एक नट हवा होता. मग सगळं उलट. नट आत घातला की दांडा तिरका करताक्षणी तो टकटकत दुसऱ्या टोकाला पळतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वर येऊन विचारलं, "रात्री फर्निचर सरकवता का हो?" त्यानंतर पायांखाली रबरी पॅड बसले.

पण सांगाडा असा उभा राहिला की मी खांबाला धरून झोंबलो तरी हलेना. बाबांनी दोन बोटांनी ढकलून पाहिलं आणि मान हलवली. त्यांच्या नोकरीत एवढी शाबासकी कोणाला मिळाली नसावी. मग "बघू जरा" म्हणून ते बसले. जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगचा जुना ट्रॅक, २० किलोमीटरच्या वर, ते तिसऱ्या गिअरमध्ये, डावीकडून, मागच्यांना हाताने "जा, जा" करत शांतपणे पुरा करतात. आता रोज संध्याकाळी करतात.

बाबा माझ्यापेक्षा अर्धा फूट बुटके आहेत. काल सीटचे बोल्ट तपासायला गेलो तर एकही हलेना. त्यांनी आपल्या पायांच्या मापाला सीट पुढे घेऊन सगळ्या बोल्टना लॉकटाइट, म्हणजे बोल्ट जाम करणारा गोंद, लावलंय. निळं नाही, लाल. ते काढायला बोल्ट तापवावा लागतो, आणि हीट गन बाबांच्या कपाटात आहे.