नाही म्हणत नाहीत, नुसतं बसून राहतात

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका कुणालाच नाही म्हणत नाहीत. टेरेसवर सोलर बसवायला एनओसी मागून मला दीड वर्ष झालं, जिन्यात भेटले की हसून म्हणतात "घेऊ की पुढच्या मीटिंगला", आणि मग अजेंडा दाराखालून सरकवलेला येतो त्यात पार्किंग असतं, टाकी धुणं असतं, गणपतीची वर्गणी असते, माझा अर्ज तेवढा नसतो. सरळ फेटाळला असता तर उपनिबंधकांकडे जाऊन भांडलो असतो. आता भांडायचं कशावर?

हे काका डोक्यात यायचं कारण भाचा. न्यू जर्सीला असतो, रविवारी फोन करतो, आणि पुण्याचा असल्यामुळे शिकवल्याशिवाय फोन ठेवत नाही. म्हणे, "मामा, तुमच्याकडे जजच जज निवडतात, बंद खोलीत. आमच्याकडे बघा, सगळं टीव्हीवर, सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, प्रश्न विचारतात, मग मतदान."

आता "आमच्याकडे" म्हणजे त्याचं अजून ग्रीन कार्डही झालेलं नाही, पण ते असो.

तर त्याचं टीव्हीवरचं काय ते सांगतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाचे जज स्कालिया अचानक वारले. अध्यक्ष ओबामांनी मार्चमध्ये मेरिक गार्लंड यांचं नाव दिलं. सिनेट रिपब्लिकनांच्या, म्हणजे ओबामांच्या विरोधकांच्या हातात, त्यांचे नेते मॅककॉनेल म्हणाले निवडणुकीचं वर्ष आहे, नवा अध्यक्ष ठरवेल. सुनावणी नाही, मतदान नाही, काहीच नाही. २९३ दिवस ते नाव तसंच पडून राहिलं आणि शेवटी आपोआप संपलं. बहुमत होतं की त्यांच्याकडे, पाडायचं होतं मतदानात! पण पाडायचं म्हणजे हा माणूस का नको ते सगळ्यांसमोर सांगावं लागतं. अजेंड्यावर घेतलाच नाही की तोंड उघडायला नको.

त्याच वेळी लिंडसे ग्रॅहम नावाचे सिनेटर म्हणाले होते की उद्या रिपब्लिकन अध्यक्षाच्या शेवटच्या वर्षात जागा रिकामी झाली आणि आम्ही वेगळं वागलो तर माझेच शब्द माझ्यावर वापरा. १८ सप्टेंबर २०२० ला जज रूथ गिन्सबर्ग गेल्या. २६ ऑक्टोबरला रिपब्लिकन अध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांच्या जागी सुचवलेल्या एमी बॅरेट ५२ विरुद्ध ४८ मतांनी पास, निवडणूक ३ नोव्हेंबरला, म्हणजे आठवडाभरावर. आणि ती सुनावणी घेणाऱ्या समितीचे अध्यक्ष कोण? हेच ग्रॅहम! शब्द लोकांनी वापरले हो, चिकार वापरले, काडीचा फरक पडला नाही.

ती सुनावणी मी थोडीफार पाहिली होती, कोविडमुळे घरातच होतो. एका सिनेटरने विचारलं समोर काय नोट्स ठेवल्यात, तर बॅरेटबाईंनी पॅड उचलून दाखवलं, पूर्ण कोरं. काय ते कौतुक झालं! पण उत्तरंही जरा तशीच होती, गर्भपाताचा हक्क देणाऱ्या जुन्या निकालाबद्दल विचारलं की पुढे केस येऊ शकते, बोलणार नाही. जून २०२२ मध्ये तो निकाल रद्द झाला, रद्द करणाऱ्यांत त्या होत्या. मग प्रश्न विचारून मिळालं काय?

म्हणून आपलं चांगलं असं मी अजिबात म्हणत नाहीये. आपल्याकडे सुप्रीम कोर्टासाठी तिथल्याच पाच सीनियर जजांचं कॉलेजियम सरकारकडे नाव पाठवतं, सरकार एकदा परत पाठवू शकतं, पुन्हा तेच नाव आलं तर नेमणूक करावीच लागते. कागदावर. २०१८ चं घ्या. जस्टिस के. एम. जोसेफ यांचं नाव जानेवारीत गेलं. यांनीच २०१६ मध्ये केंद्राने लावलेली उत्तराखंडची राष्ट्रपती राजवट रद्द केलेली. बरोबर पाठवलेलं दुसरं नाव एप्रिलमध्ये पास झालं, यांचं परत आलं, कारण काय तर सीनियॉरिटी आणि केरळचा एक जज आधीच आहे. कॉलेजियमने पुन्हा पाठवलं तेव्हा कुठे ऑगस्टमध्ये शपथ, तीही त्या दिवशीच्या तिघांत शेवटी, म्हणजे सीनियॉरिटीत आणखी खाली. हे तरी पेपरात आलं म्हणून कळलं. हायकोर्टासाठी पाठवलेली कितीतरी नावं नुसती पडून असतात, वाट बघून काही वकील शेवटी जज व्हायला दिलेली संमतीच काढून घेतात. चालू प्रॅक्टिस किती दिवस टांगून ठेवणार?

मला विचाराल तर कोण निवडतं हा वाद नंतर घाला, आधी फाइलवर तारीख टाका. इतक्या दिवसांत हो किंवा नाही, आणि नाही असेल तर लेखी कारण, सगळ्यांना वाचता येईल असं. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की पुन्हा पाठवलेलं नाव तीन-चार आठवड्यांत झालं पाहिजे. पाळलं नाही तर पुढे काय, ते कुणीच बोलत नाही.

आणि सरकारच्याच हातात द्या सगळं म्हणणाऱ्यांसाठी, तेही करून झालंय. घटनेचा मूळ ढाचा संसदेला बदलता येणार नाही म्हणणारा केशवानंद भारतीचा निकाल २४ एप्रिल १९७३ चा, दुसऱ्याच दिवशी त्यात सरकारविरुद्ध गेलेल्या शेलाट, हेगडे, ग्रोवर या तिघा सीनियर जजांना डावलून ए. एन. रे सरन्यायाधीश होणार हे जाहीर. तिघांनी राजीनामे दिले.

वकील मंडळींनी कुठे चुकलं असेल तर खुशाल सांगा. "कॉलेजियम बंद करा" एवढंच लिहायला येणार असाल तर वरचा परिच्छेद परत वाचून या. आणि कुणाची उपनिबंधक ऑफिसात ओळख असेल तर इनबॉक्समध्ये या.