अण्णांच्या घड्याळांचे सेल

गेल्या रविवारी सोसायटीच्या सभेत, सर्वांच्या समक्ष, तळमजल्यावरच्या अण्णांनी माझ्या तळहातावर चार लाल सेल ठेवले आणि "घे, हिशेब फिटला" असे जाहीर केले. सभेने टाळ्या वाजवल्या. सेल चांगलेच कोमट लागत होते, कारण सकाळपासून ते अण्णांच्या खिडकीत उन्हात तापत ठेवलेले होते. अध्यक्षांनी घाईघाईने पुढचा विषय, म्हणजे गच्चीची गळती, पुकारला. माझा विषय मात्र माझ्यापुरता संपलेला नाही.

आमची सोसायटी ठाण्यात, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. मागच्या भिंतीपलीकडे सुरू होणारी झाडी थेट संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, म्हणजे सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या जंगलात मिसळते. त्या जंगलात बिबटे आहेत हे ठाणेकरांना नव्याने सांगावे लागत नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत तर एक बिबट्या भर शहरातल्या मॉलमध्ये शिरून सीसीटीव्हीत दिसला होता. यंदा होळीनंतर आमच्या मागच्या भिंतीवरून रात्री काहीतरी उतरते अशी कुजबुज सुरू झाली, भटकी कुत्री कमी झाल्याचा साक्षात्कार काहींना झाला, आणि कमिटीने एक ट्रेल कॅमेरा, म्हणजे समोरून काही गेले की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, मागवून तो सांभाळण्याचे काम माझ्याकडे दिले.

ही वस्तू मुळात अमेरिकेतल्या हरणांच्या शिकाऱ्यांसाठी बनवलेली असते. शिकारीचा हंगाम उघडण्याच्या आधी काही महिने ती रानात झाडाला बांधायची, कोणता नर कोणत्या वाटेने किती वाजता जातो याची टिपणे काढायची, आणि हंगाम उघडला की त्या वाटेवर दबा धरून बसायचे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे खोक्यावरचा धनुष्यधारी गृहस्थ पाहून आमच्या खजिनदारांनी "हे घरात ठेवणं कायदेशीर आहे ना?" असे पुन्हा पुन्हा विचारून घेतले. कॅमेऱ्याच्या कवचावर ओकच्या वाळक्या पानांची नक्षी आहे, म्हणजे ओकच्या झाडावर तो कोणाला दिसू नये. आमच्याकडे जांभळाच्या खोडाला, निळ्या पाइपाच्या शेजारी तो बांधताच सोसायटीतली सगळी मुले लांबून त्याच्याकडे बोट दाखवू लागली. माहितीपुस्तिकेत तो हरणाच्या छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून सुमारे तीन फुटांवर बांधावा असे म्हटले आहे. आमच्या आवारात त्या उंचीवर संध्याकाळी पाच ते सात या वेळात रबरी चेंडू येत असतो.

आता सेलविषयी. कॅमेऱ्यात पेन्सिल सेल आठ लागतात, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले आहे की ते आठ महिने पुरतात. हे आठ महिने कोणत्या हवेत, दिवसाला किती फोटो धरून मोजले, ते मात्र छापलेले नाही. कॅमेरा एरवी झोपलेला असतो. त्याच्या भिंगाखालचा उष्णतेचा सेन्सर तेवढा जागा असतो, आणि समोरून भोवतालापेक्षा वेगळ्या तापमानाचे काही सरकले की तो कॅमेऱ्याला उठवतो. झोपेत वीज नगण्य लागते, दिवसाच्या फोटोला थोडी लागते, आणि रात्रीच्या फोटोला भरपूर लागते, कारण अंधारात डझनावारी इन्फ्रारेड दिवे एकदम पेटवावे लागतात. व्हिडिओ घ्यायचा तर ते तितके सेकंद पेटतेच ठेवावे लागतात. थंड देशात शरद ऋतूत हवा गार, हरीण गरम आणि सेन्सरचे काम सोपे. ठाण्यात एप्रिलच्या दुपारी हवाच छत्तीस अंशांवर गेलेली असते आणि कुत्र्याच्या केसांचे तापमान त्याच्याच आसपास असते, त्यामुळे कुत्रा समोरून डुलत डुलत निघून गेला तरी सेन्सरला पत्ता लागत नाही. उलट उन्हाने तापलेले केळीचे पान वाऱ्याने हलले की हा ताडकन उठतो आणि लागोपाठ तीन फोटो घेतो. कार्डावर हजारांच्या घरात केळीची पाने जमली होती. ती एकेक करून पाहण्यात माझ्या संध्याकाळी गेल्या, आणि पाने पाहत असताना जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाने "आला का बिबट्या?" असे विचारण्याचा आपला हक्क बजावला.

केळ छाटून घ्यावी, तर ती दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची निघाली आणि तिला घड यायचा होता. मग मी चांगले सेल आणायचे ठरवले. साध्या अल्कलाइन सेलचा दाब वापराबरोबर हळूहळू उतरत जातो, आणि तो थोडा उतरला की दिवसाचे फोटो व्यवस्थित येत राहतात पण रात्रीचे काळे पडू लागतात. म्हणजे बिबट्याच्या वेळेलाच कॅमेरा आंधळा होतो. चार्ज होणारा सेल दीडऐवजी १.२ व्होल्टचा असतो, म्हणून तो पूर्ण भरलेला असतानाही काही कॅमेरे 'बॅटरी संपत आली' असे रडगाणे लावतात. उरला लिथियमचा दीड व्होल्टचा सेल. तो शेवटपर्यंत एकसारखा दाब देतो, उन्हापावसाला बधत नाही. एकच खोट अशी की कॅमेऱ्यावरचे चिन्ह अखेरपर्यंत 'पूर्ण' दाखवते आणि मग एके दिवशी न सांगता सवरता सगळे बंद पडते. त्याच्या एका नगाच्या किमतीत लाल सेलांचे अख्खे पाकीट येते. तरीही मी आठ लिथियम सेल स्वतःच्या पैशाने आणले, कारण कमिटीचे पैसे मंजूर होईपर्यंत बिबट्याला नातवंडे झाली असती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कॅमेरा मेला. उघडून पाहिला तर आठांपैकी चार सेल माझे होते आणि चार लाल.

चोर शोधायला लागला नाही, कारण चोराचे फोटो कॅमेऱ्यानेच काढून ठेवले होते. पहिल्या फोटोत स्टीलचे स्टूल आणि त्यामागे बनियनमधले अण्णा. दुसऱ्यात मनगटाला लाल दोरा बांधलेला हात. रात्रीच्या फोटोत तो दोरा अर्थातच पांढरट दिसत होता. तिसऱ्यात फक्त एक कान, इन्फ्रारेडच्या उजेडाने जवळून पांढराफटक पडलेला, त्यातल्या केसांसकट. खालच्या पट्टीवर वेळ, चंद्राची कला आणि तापमान ८८ अंश. फॅरेनहाइटमध्ये, कारण शिकाऱ्याला तेच कळते.

मी तडक तळमजल्यावर गेलो.

"अण्णा, कॅमेऱ्यातले सेल तुम्ही काढलेत?"

"काढले नाहीत. बदलले."

"का?"

"तू रोज संध्याकाळी त्या कार्डात डोकं घालून बसतोस. काय दिसतं?"

"बहुतेक पानंच दिसतात."

"मग? पानांसाठी एवढे भारी सेल?" अण्णांनी मला हाताने खुर्ची दाखवली. "बस. आता मला सांग, घड्याळ किती तास चालतं?"

"चोवीस."

"आणि तुझा कॅमेरा?"

"कोणी समोर आलं तर चालतो."

"म्हणजे एक चोवीस तास राबतो आणि दुसरा कोणी आलं तरच डोळा उघडतो. चांगल्या सेलवर हक्क कोणाचा?"

अण्णांच्या घरात भिंतीवरची घड्याळे चार आहेत: हॉलमध्ये, स्वयंपाकघरात, देवघरात आणि न्हाणीघराच्या दाराबाहेर. मी त्यांना शांतपणे समजावले की भिंतीवरच्या घड्याळाला नखाएवढी वीज लागते, त्यात लाल सेल वर्षभर आरामात टिकतो. कॅमेऱ्याला मात्र रात्री एका क्षणात मोठा झटका द्यावा लागतो आणि तिथे लाल सेल मान टाकतो.

अण्णांनी हे सगळे डोळे मिटून ऐकून घेतले. "म्हणजे घड्याळ काटकसरी आणि कॅमेरा उधळ्या."

"असं म्हणा हवं तर."

"आणि तू उधळ्याच्या हातात भारी सेल देतोस. मी त्याला शिस्त लावत होतो."

आतून काकूंनी विचारले, "चहा टाकू का रे?" मी नको म्हटले. त्यांनी टाकला.

"आणि मी सगळे कुठे घेतले?" अण्णा पुढे म्हणाले. "चारच घेतले. चार तुझे तुला ठेवले. दुसरा कोणी असता तर आठही नेले असते." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर, धर्मादाय करून वर पावतीही न मागणाऱ्या माणसाचे समाधान होते. खरे तर त्यांनी आठही नेले असते तर परवडले असते. आठ भोयांपैकी चार धडधाकट आणि चार तापाने फणफणलेले असतील तर पालखी पुढे जात नाही, आणि आजारी चौघे मधल्यामध्ये तुडवले जातात. एकामागे एक जोडलेल्या सेलांचे अगदी तेच होते. कमकुवत सेल आधी संपतो, बाकीचे त्याच्यातूनच वीज ढकलत राहतात, आणि शेवटी तो फुटून त्याचे पाणी बाहेर येते. आमच्या कॅमेऱ्याच्या दोन स्प्रिंगांवर पांढरट पापुद्रा चढला आहे. तो मी जुन्या टूथब्रशने अजूनही खरवडतो आहे.

मी हे सांगत होतो तेवढ्यात अण्णांनी मला हाताला धरून उठवले आणि देवघराच्या घड्याळाखाली उभे केले. "ऐक," ते म्हणाले. मी ऐकले. टिक, टिक. "काटा कसा खणखणीत पडतो बघ. पूर्वी असा पडत नव्हता." मग स्वयंपाकघरात, मग न्हाणीघराच्या दाराशी. प्रत्येक ठिकाणी मला मान वर करून उभे राहावे लागले आणि प्रत्येक ठिकाणी माझ्याच सेलांचे कौतुक मला ऐकवण्यात आले. हॉलमधले घड्याळ सात मिनिटे पुढे होते. ते का, असे विचारल्यावर अण्णा म्हणाले, "ते मुद्दाम आहे. बस चुकू नये म्हणून." अण्णांना निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली आहेत.

अखेर मी मोबाइलवर ते तिन्ही फोटो त्यांच्यापुढे धरले. त्यांनी चष्मा लावला, पहिला फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "हा फोटो बरा आलाय की रे. अंधारात एवढा स्वच्छ?"

"अण्णा, हा पुरावा आहे."

"असू दे. मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. पुण्याला मुलीला पाठवतो. ती सारखी सांगते, बाबा, रात्री मागच्या बाजूला जाऊ नका, बिबट्या असतो. बघू दे तिला, जातो आणि धडधाकट परत येतो." कानाचा फोटो मात्र नको म्हणाले.

येथवर कोणालाही हसू येईल, आणि सभेत ते सर्वांना आलेच. पुढचे कोणी ऐकून घेतले नाही. सेल काढले की या कॅमेऱ्याचे घड्याळ शून्यावर जाते, त्यामुळे अण्णांच्या हस्तक्षेपानंतरचे सगळे फोटो १ जानेवारीचे आहेत. त्यांतल्या एका फोटोत, दिवे पूर्ण ताकदीने न पेटल्यामुळे जवळजवळ काळ्या पडलेल्या चौकटीत, भिंतीच्या उंचीवर दोन ठिपके चमकत आहेत. ते बिबट्याचे डोळे असतील. काकूंच्या मते ते मांजर आहे. तिसऱ्या मजल्यावरचे इंजिनिअर म्हणतात की ते पलीकडे उभ्या असलेल्या स्कूटरचे रिफ्लेक्टर आहेत, पण भिंतीच्या उंचीवर स्कूटर कशी उभी होती याचे उत्तर त्यांच्याकडे नाही. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात आणि त्यांवरून तो नेमका कोण हे ओळखता येते. आमच्या फोटोत अंगच नाही. जानेवारीची तारीख घातलेला हा एप्रिलमधला काळा चौकोन वन खात्याला दाखवायला मी जाणार नाही.

मी मधल्या काळात या विषयावर बरेच वाचले. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते, त्यांतून तीन कोटी ४८ लाखांवर फोटो मिळाले आणि त्यांपैकी वाघांचे ७६,६५१ आणि बिबट्यांचे ५१,७७७ होते. तिथे कॅमेरे जाणकार माणसांनी लावले होते आणि, मला खात्री आहे, रात्री बनियनवर येऊन कोणी त्यांचे सेल बदलत नव्हते. दुसरीकडे अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्याने १ जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेरे वापरायला बंदी घातली. त्या कोरड्या प्रदेशात मोजक्या पाणवठ्यांवर कॅमेऱ्यांची गर्दी होऊ लागली होती आणि अशाने जनावराला निसटायची न्याय्य संधी राहत नाही, असा बंदीमागचा विचार होता. त्या लोकांनी आमचा कॅमेरा एकदा येऊन पाहावा. त्याच्यासमोरून बिबट्याच काय, वऱ्हाड वाजतगाजत गेले तरी निसटेल.

सोमवारी मी लिथियम सेलांची पावती खजिनदारांकडे दिली. ती काल परत आली. तिच्या मागे लाल शाईने शेरा आहे: "सभासदाकडे चार नवीन व चार परत मिळालेले सेल शिल्लक असल्याचे समजते. ते आधी वापरावेत. पुढील खरेदीस तीन दुकानांचे दर जोडावेत." चार नवीन म्हणजे कोणते, हे विचारायला गेलो तर ते जेवत होते.