सिक्युअर बूट चालू ठेवल्याच्या तक्रारीला दुकानाकडून उत्तर

दादा नमस्कार. तुम्ही दोन स्टार देऊन लिहिलंय की लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकायला दिला तर राजारामपुरीतल्या आमच्या दुकानातनं सिक्युअर बूट (चालू होताना ओळखीची डिजिटल सही असलेलंच सॉफ्टवेअर चढू देणारं मशीनमधलं कुलूप) चालूच ठेवून दिला, वर बायोसला (मशीनच्या मूळ सेटिंगला) पासवर्ड घातला आणि तो सांगितला पण नाही, घरी चालू केला तर निळी स्क्रीन आणि वायफाय बंद. विंडोजमधनं सुटायला लिनक्स घेतलं आणि मायक्रोसॉफ्टच्याच कुलपात अडकलो असं तुमचं म्हणणं.

पासवर्डचं तुमचं शंभर टक्के बरोबर हाय. मशीन तुमचं आणि पासवर्ड आमच्या वहीत, म्हणजे मालक आम्हीच झालो की ओ. पोरगं कागद द्यायचं विसरलं पण जबाबदारी माझी, मनापासून माफी मागतो.

निळ्या स्क्रीनचं असं, वायफायचा ड्रायव्हर (वायफाय चालवणारा प्रोग्राम) उबुंटूच्या सहीचा नव्हता, त्याला तुमच्याच मशीनवर किल्ली तयार करून सही केलेली, आणि ती किल्ली मान्य हाय का हे ती स्क्रीन एकदाच विचारते, दहा सेकंदात बटण दाबलं नाही की तसंच पुढं बूट होतंय आणि ड्रायव्हर चढत नाही. ते 'एन्रोल मोक', म्हणजे त्या स्क्रीनवर किल्ली मान्य करायचं काम, दुकानातच करून द्यायला पाहिजे होतं, गर्दीत राहिलं.

पण सिक्युअर बूट मी मुद्दाम चालू ठेवला. लॅपटॉप हॉस्टेलच्या रूमवर चौघांत पडून असतो असं तुम्हीच म्हणालेला. तो बंद असला आणि कोणी पेनड्राइव्ह लावून बूटलोडर (सिस्टीम चालू करून देणारा प्रोग्राम) बदलला तर तुम्हाला पत्ता पण लागणार नाही, डिस्क एन्क्रिप्ट केली असली तरी पासवर्ड तुम्ही त्या बदललेल्या स्क्रीनवरच टाकणार. असला बिनसहीचा बूटलोडर सिक्युअर बूट चढू देत नाही. आता त्यानं सगळं झाकलं जातंय असंबी नाही, उबुंटूत शिम (सगळ्यात आधी चालणारा छोटा प्रोग्राम), ग्रब (बूटलोडर) आणि कर्नल (सिस्टीमचा गाभा) तपासलं जातं, इनिटआरडी ही सुरुवातीला मेमरीत चढणारी फाईल नाही, ही फट हाय.

मायक्रोसॉफ्टची सही लागते याचा त्रास मला पण लै होतो. कारखान्यातनंच मशीनमध्ये त्यांची किल्ली येते म्हणून शिमवर त्यांची सही घ्यावी लागते. 2012 ला विंडोज 8 च्या वेळी निदान त्यांचा नियम होता की इंटेल, एएमडीच्या पीसीवर गिऱ्हाइकाला सिक्युअर बूट बंद करता आलंच पाहिजे, विंडोज 10 पासनं ते लॅपटॉप कंपनीच्या मर्जीवर सोडलं. म्हणून नवीन मशीन घ्यायच्या आधी आम्ही सांगतो, बंद करायचा आणि स्वतःची किल्ली घालायचा पर्याय बायोसमध्ये हाय का बघा. तुमच्या मशीनमध्ये दोन्ही आहेत, मी स्वतः बघितलंय.

तेव्हा एकदा लॅपटॉप घेऊन याच. पासवर्ड तुम्हीच टाईप करून बदला, आम्ही मागं उभारतो, वायफायची किल्ली समोरच चढवून देतो. सिक्युअर बूट बंदच पाहिजे असेल तर तसं करून देतो, एक रुपया नको. फक्त मायक्रोसॉफ्टची किल्ली काढून एकटी स्वतःची ठेवायची असेल तर घरी करत बसू नका, काही मशीनला ग्राफिक्सच्या फर्मवेअरवर (स्क्रीन चालवणाऱ्या चिपमधल्या प्रोग्रामवर) पण त्यांचीच सही असते, किल्ली काढली की स्क्रीन काळी ती काळीच, ते आधी तपासू आणि मगच हात घालू.