तव्याचे सोवळे

आजी गेली आणि आमच्या फोंड्याच्या घरातले सोवळे संपले, असा सर्वांचा समज होता. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मी बिडाचा तवा आणला, त्या दिवसापर्यंत तो टिकला.

जुन्या नॉनस्टिक तव्याचे पापुद्रे घावण्यांबरोबर पोटात जाऊ लागले, म्हणून ही खरेदी. विकणारी बाई म्हणाली होती, "आधी तो तयार करा, मग घावणे घाला." तयार करणे म्हणजे स्वच्छ करणे, असे समजून मी तो घासला, धुतला आणि पालथा घालून निजलो. महिना जुलैचा होता. गोव्यातल्या जुलैत कपाटातल्या चामड्याच्या चपलेला बुरशी चढते, तिथे उघड्या बिडाची काय कथा! सकाळी तव्यावर गेरू फासल्यासारखा गंज होता.

मग मी अभ्यासाला लागलो. तेलाचा पातळ थर धूर येईपर्यंत तापवला की प्राणवायूच्या संगतीने त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि बिडावर काळे, टणक कवच धरते. आईच्या भाषेत, तवा तेल पितो. आमच्या घरात तेल म्हणजे घाण्याचे खोबरेल, आणि ते लावायचे तर हात आखडता कशाला घ्यायचा? मी भरपूर लावले, भरपूर तापवले. तवा काळा न होता चिकट झाला, इतका की त्यावर विसावलेल्या माशीने तिथेच देह ठेवला. खोबरेलातली सुमारे 90 टक्के मेदाम्ले संपृक्त असतात आणि ही गुंफण जमते ती मुख्यत्वे असंपृक्तांना, हे मला नंतर कळले. ज्याच्या अंगणात सहा माड उभे आहेत, त्याने सूर्यफुलाचे तेल विकत आणून तव्याला लावावे, यासारखी नामुष्की नाही. तेही लावायचे आणि उसने दिलेले परत घ्यावे तसे लगेच पुसून घ्यायचे. पुसायला आजोबांच्या धोतराचा तुकडा सापडला, तेव्हाच मला सोवळ्याचा वास यायला हवा होता.

कारण पुढे नियम सुरू झाले. तवा पाण्यात भिजत ठेवायचा नाही. धुतला की विस्तवावर कोरडा करून तेलाचा हात फिरवायचा. तापलेला असताना त्यावर गार पाणी ओतायचे नाही. बिडात दोन टक्क्यांहून अधिक कार्बन असल्याने ते ठिसूळ असते आणि तडकू शकते. आणि कवच कोवळे आहे तोवर त्याला आंबट वर्ज्य, म्हणजे आमसूल नको, टोमॅटो नको, व्हिनेगर नको. गोव्यातल्या स्वयंपाकघरातून आंबट वगळले तर मागे पाणी उरते, आणि तेही तव्याला चालत नाही! आजीची सोवळ्यात नेसायची धाबळी निदान खुंटीवर मुकाट असायची, मी मात्र "तव्याला कोणी शिवलं?" असे विचारत घरभर हिंडू लागलो.

सातव्या की आठव्या लेपानंतर, एका रविवारी, बायकोने घावणे घातले आणि ते कडेने आपोआप सुटून तव्यावर सरकले. तिने पहिले घावणे माझ्या पानात वाढले.

"अरे, गरम आहे तोवर खा," आई म्हणाली.

"तवाही गरम आहे, आई," म्हणत मी धोतराचा तुकडा शोधायला उठलो.